पुराव्याचं सरबत

गारपिटीचा पुरावा मी सरबतात घालून पाजला, आणि तोही ज्याला तो दाखवायचा होता त्यालाच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या गल्लीतला कुणीही सांगेल. बियाण्यांच्या कंपनीत मी जन्म घालवला, गल्लीत नळ यावा म्हणून दारोदार सह्या गोळा केल्या, एकदा तर गणपतीच्या वर्गणीचा हिशेबसुद्धा जुळवून दाखवला. पण एमआयडीसीच्या पाठीमागच्या आमच्या वसाहतीत माझा पत्ता विचाराल तर लोक म्हणतील, "ते सरबतवाले का?"

गोष्ट मात्र माझी नाही, मास्तरांची आहे.

मास्तर शाळेचे नव्हेत, एसटीचे. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, आणि तो निवृत्त झाला तरी मास्तरच राहतो. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल. बोलणं संपलं की आमचे मास्तर मधल्या बोटाचं पेर जवळच्या पत्र्यावर दोनदा मारायचे. टण टण. म्हणजे चला, विषय संपला, गाडी सोडा. एकदाच मारलं तर थांबा. फाटक, पाण्याची टाकी, माझ्या स्कूटरचं मडगार्ड, त्यांना काहीही चालायचं. एका उमेदवाराचं दारात उभं राहून भाषण चालू असताना मास्तरांनी फाटकावर एकदाच टण केलं. तो खरोखरच थांबला.

"ते समदं खरं," मास्तर त्याला म्हणाले, "जिम्मेदारी कुणाची, ते बोला."

हे त्यांचं पालुपद. नाली तुंबली, जिम्मेदारी कुणाची? दिव्याचा खांब वाकला, जिम्मेदारी कुणाची? माझ्या बायकोनं एकदा दिलेल्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तेव्हाही त्यांनी वाटी परत करताना हेच विचारलं. बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं.

या पालुपदाला मूळ होतं. मास्तरांचा आजा त्यांच्या गावचा गारपगारी होता. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसतो. गारा अडवणं हे त्याचं काम. आभाळ काळवंडलं की मारुतीपुढं उभं राहायचं, वाऱ्याकडे तोंड करून ढगांना दम द्यायचा, हातापाया पडायचं, आणि गार दुसऱ्या शिवारात घालवायची. त्याबद्दल सुगीला घरटी धान्य मिळायचं.

"आणि गार पडलीच तर?" मी विचारलं होतं.

"तर धान्य बंद. आमच्या आज्याचं एका साली समद्या गावानं बंद केल्तं. बाया नदीवर आमच्या आजीला बोलंनात. आता तुमी म्हनताल, मानूस गार अडवतो व्हय? न्हाईच अडवत. पन गार पडल्यावर कुनाच्या दारात जाऊन बोंबलायचं, ते तरी गावाला माहीत होतं."

हे ऐकून मी हसलो होतो. अडाणीपणा वगैरे दोन शब्दही बोललो असेन. माझा तसा स्वभाव आहे.

सगळी नोकरी मास्तरांनी दुसऱ्याच्या छपराखाली काढली. मुक्कामाची गाडी असली की डेपोत, नाहीतर गाडीतच मागच्या बाकावर. घर म्हणजे भाड्याची खोली, तीही दर बदलीला नवी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी जागा घेऊन घर बांधलं. भिंती विटांच्या, फरशी गुळगुळीत, आणि स्लॅब पुढच्या वर्षी म्हणून वर तात्पुरते सिमेंटचे पत्रे. तात्पुरती गोष्ट आपल्याकडे किती टिकते हे तुम्हाला ठाऊक आहे. वास्तुशांतीच्या दिवशी जेवण झाल्यावर ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "लई उतरलो-चढलो. आता हितून उठनार न्हाई."

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "उठा, ताटं उचलायचीत."

गार आली ती धुळवडीनंतरच्या एका दुपारी. मोबाईलवर सकाळी निरोप होता, तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. तुरळक ठिकाणी म्हणजे दुसऱ्याकडे, असं आपण धरून चालतो. त्या दिवशी तुरळक ठिकाण म्हणजे आमची गल्ली होती. रस्त्यापलीकडे नुसते थेंब पडले. आमच्याकडे लिंबाएवढ्या गारा.

माझ्या घराला स्लॅब आहे. वरच्या सोलर बंबाच्या काचेच्या नळ्या फुटल्या, तेवढ्यावर मी ओरडत होतो. मग शेजारून आवाज आला. लोखंडी पत्रा गारेखाली नुसता बोंबलतो. सिमेंटचा पत्रा बोंबलत नाही, खट् म्हणतो आणि गार घरात येते. काकूंनी दारातून लोखंडी तवा अंगणात पालथा फेकला, कारण लोखंड दिसलं की गार थांबते अशी समजूत. गार तव्यावरही पडली. मग दोघं म्हातारी माणसं आपल्याच घरात पलंगाखाली जाऊन बसली. स्वतःच्या घरात. मला अजून त्याची चीड येते. माणूस पावसापासून वाचायला घर बांधतो आणि घरापासून वाचायला पलंगाखाली शिरतो.

गार थांबली तसे मास्तर बाहेर आले. डोक्यावर घमेलं, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं डोक्याला लागलं बहुतेक, कारण ते अंगणात वाकून गारा वेचत होते.

"बियानेसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या फ्रिजात जागा करा."

"कशाला?"

"पुरावा हाय. फोटो कुठलाबी आसतो म्हनत्यात. ही खरीखुरी गार हाय. येनारा येईल तवा दाखवू."

त्यांच्याकडे फ्रिज नव्हता, माठ होता. मी डबा फ्रीझरमध्ये ठेवला आणि विसरलो. विसरणं हे माझं दुसरं मोठं कौशल्य.

पुढं काय झालं ते सांगताना माझा आवाज चढतो, सांभाळून घ्या. गावोगाव पंचनामे सुरू झाले. मोसंबीच्या बागेत गाड्या गेल्या. पुढाऱ्यांनी गळलेली फुलं ओंजळीत धरून फोटो काढले. शेतकऱ्याचं नुकसान झालंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण छपराकडे मान वर करून बघायला एकही गाडी आली नाही. मास्तर कचेरीत गेले. तिथं सांगितलं, तुमच्या भागात गारपिटीची नोंदच नाही. नोंदीचं यंत्र होतं लांबच्या गावात, आणि तिथं त्या दिवशी ऊन पडलं होतं. म्हणजे आमच्या डोक्यावर जे पडलं ते सरकारी दृष्टीनं पडलंच नव्हतं.

मास्तर परत गेले. मग सांगितलं, घराची पडझड झाली असेल तर बघू. भिंत पडली का? नाही. छप्पर उडालं का? नाही. मग? भोकं पडलीत. किती भोकांना पडझड म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. पिकाला विमा असतो, गाडीला विमा असतो. घराच्या विम्याचं मी आमच्या कंपनीत विचारलं, तर हिशेबनीस म्हणाला, "कशाला, घर कुठं पळून चाललंय?"

भोकं बुजवावीत तर पाहणीला येणारा म्हणेल, नुकसान कुठंय? म्हणून मास्तरांनी ती तशीच ठेवली. दिवसा त्यातून ऊन यायचं आणि फरशीवर गोल कवडसे पडायचे. मी गेलो की मास्तर ते दाखवायचे. "जिंदगीभर सुट्ट्यापायी लोकांशी भांडलो. आता बघा, घरभर चिल्लर." काकू पलंग सरकवत म्हणायच्या, "त्या चिल्लरीत पाऊस यील तवा हसा."

अखेर एप्रिलात निरोप आला की एक साहेब पाहणीला येणार. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि साहेबाला रस्ता सापडावा म्हणून चौकात जाऊन उभे राहिले. साहेब आला मागच्या गल्लीनं. तरुण पोरगा, घामाघूम, पाठीला पिशवी. काकू मारुतीला गेल्या होत्या, माझी बायको माहेरी. मी त्याला आमच्याकडे बसवलं.

आता आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. मी लिंबू पिळलं, साखर घातली, जिऱ्याची पूड घातली. बर्फाचा ट्रे रिकामा होता. पण खाली एक स्टीलचा डबा होता आणि त्यात गोल गोल बर्फ. मला वाटलं, बायकोनं काय सोय करून ठेवलीय. एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला होता, तो मी बत्त्यानं फोडला. ठेचताना एक वाळकं पान निघालं, ते मी काढून टाकलं. एवढी स्वच्छता माझ्यात आहे. उरलेला डबा ओट्यावर ठेवला आणि ग्लास घेऊन बाहेर आलो.

"वा," साहेब म्हणाला, "जालन्यात आल्यापासून असं गार काही प्यालो नाही."

मी म्हणालो, "अजून घ्या." त्यानं अजून घेतलं.

तेवढ्यात मास्तर आले, धापा टाकत. "साहेब, आधी पुरावा बघा, मंग छप्पर." ते सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग ओट्यावरचा डबा उचलल्याचा. बाहेर आले ते डबा घेऊन. डब्यात तळाशी पाणी होतं.

"बियानेसाहेब, ह्यातल्या गारा?"

मी साहेबाच्या ग्लासाकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं.

"हालू नका, साहेब," मास्तर म्हणाले. त्यांनी ग्लास हळूच त्याच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. शेंगदाण्याएवढा एक तुकडा तरंगत होता. "ही बघा. ही आमच्या छपरातून आल्ती."

साहेबानं डोळे बारीक केले. "हा बर्फ आहे."

"गार म्हंजे दुसरं काय आसतं?"

"पण सरबतात—"

"सरबत ह्यांनी केलं. गार वरून आल्ती."

दोघं वाकून ग्लासात बघत राहिले. मीही बघत होतो. बघता बघता तो तुकडा गेला. मास्तरांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"आमच्या नुकसानीची."

पोरगा वाईट नव्हता. तो उठून छपराखाली गेला, भोकं बघितली, कवडशांवरून चाललासुद्धा. पण म्हणाला, "मला लिहायला आधार लागतो हो. नोंद नाही, पडझड नाही. पत्रे जुने असतील, माकडं नाचली असतील. वरचे मला विचारतील."

"मंग जिम्मेदारी कुणाची?"

"निसर्गाची," साहेब म्हणाला.

मास्तरांनी फाटकावर पेर मारलं. एकदाच. साहेब थांबला.

"आमच्या आज्यालाबी असंच म्हनता आलं असतं. गार पडली तवा त्यानं गावाला तोंड दावलं. उपाशी ऱ्हायला, पन निसर्गाचं नाव सांगून पिशवी उचलली न्हाई त्यानं."

पोरानं मान खाली घातली आणि लिहिलं. भिंती सुस्थितीत, छप्पर जागेवर. हे शब्द मी त्याच्या खांद्यावरून वाचले आणि त्या दिवसापासून मला झोपेत आठवतात. छप्पर जागेवर. चाळणीसुद्धा जागेवरच असते.

माझ्यावर मास्तर चिडले नाहीत. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाले, "साखर तरी बराबर पडली व्हती का?" बायको माहेराहून आली तेव्हा मी तिला म्हणालो की डबाभर गारा दाखवल्या असत्या तरी त्यानं हेच लिहिलं असतं. ती म्हणाली, "असतं. पण तुम्ही त्याला लिहायच्या आधी गारेगार केलंत."

मग मास्तरांनी फ्लेक्स आणले. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे लागतात ना, तसले जुने, मोठाले. पुढारी हात जोडून हसतोय, खाली छोट्या तोंडांची रांग. आम्ही दोघांनी शिडी लावून ते छपरावर पसरले. म्हणजे मास्तर वर, मी शिडी धरायला. मी म्हणालो, छापील बाजू खाली करा, बरं दिसेल.

"बिलकुल न्हाई. तोंडं वरच पायजेत. पुढची गार आधी ह्यांच्या तोंडावर पडू द्या."

विटा ठेवून कोपरे दाबले. आभाळाला हात जोडून पुढारी हसत राहिला. मास्तर खाली उतरून म्हणाले, "पयल्यांदाच कुनाच्या कामी आला."

पण फ्लेक्स हा फ्लेक्सच. आषाढात पाणी साचून तो मधे पोटासारखा लोंबला आणि एका भोकातून सगळं पोट काकूंच्या अंथरुणात रिकामं झालं. काकूंना खोकला धरला. सगळे पत्रे काढून छप्पर नव्यानं घालायचं तर पावसाळ्यात कोण घालणार, आणि पैसे कुठून आणणार? लेक शहागडला दिलेली, तिच्या घराला स्लॅब. ती टेम्पो घेऊनच आली. मास्तर दोन दिवस नाही म्हणाले. मग काकू रात्रभर खोकल्या आणि सकाळी त्यांनीच पलंग बाहेर काढला.

"पावसाळ्यापुरतं," मला म्हणाले. "दसऱ्याला वापस येतो. घराकडं बघा."

टेम्पोत भांडी, पलंग, काकू. मास्तर मागं उभे राहिले, जुन्या सवयीनं दांडीला धरून. जावयानं गाडी सुरू केली. मास्तरांनी घराकडे बघितलं आणि पेर टेम्पोच्या पत्र्यावर मारलं. मी कान देऊन होतो. एकदाच मारलं. जावयाला त्यातलं काय कळणार, त्यानं गाडी काढली.

दसऱ्याला ते आले नाहीत. छाती भरली होती म्हणे. थंडीत शहागडलाच गेले. गोदावरीच्या काठावर आम्ही गल्लीतले सगळे गेलो होतो. त्यांना उचलताना तिरडीच्या बांबूवर कुणाच्या तरी अंगठीचा आवाज झाला, तेव्हा मी उगाच दुसऱ्या आवाजाची वाट बघितली.

आणि या वर्षी गार परत आली. तीच वेळ, तीच गल्ली. मी डोक्यावर घमेलं घालून मास्तरांच्या अंगणात उतरलो आणि डबा भरून घेतला. फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर जाड अक्षरांत चिठ्ठी लावली, हात लावू नये. बायकोनं खाली लिहिलं, विशेषतः तुम्ही.

या वेळी चार दिवसांत माणूस आला. दुसरा होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ डबा पुढं केला.

"हे कशाला?" तो म्हणाला. "या वेळी तुमच्या भागाची नोंद आहे की. भोकंसुद्धा धरायची आहेत या वेळी. घरमालक कुठंय?"

"वारले."

"मग वारस हजर पाहिजेत. बंद घराचा पंचनामा होत नाही. परवा परत येतो, तेव्हा नसतील तर यादीतून गेलं."

मी हातातल्या डब्याकडे बघितलं. पुरावा होता तेव्हा मी पाजला, मालक होता तेव्हा नोंद नव्हती, आणि आता नोंद आहे, पुरावा आहे, तर मालकच नाही. एखाद्या घरानं किती प्रकारांनी हजर राहावं?

दुसऱ्या दिवशी मी अंबडवरून जाणारी एसटी धरली. कंडक्टर तरुण होता, घंटीची दोरी ओढत होता. गारा मी थर्मासमध्ये भरल्या होत्या. का, ते मला विचारू नका. काकूंना दाखवाव्यात, मास्तरांनी वेचल्या तशाच मीही वेचल्या, असं काहीतरी मनात असावं.

शहागडला लेकीच्या ओट्यावर काकू लसूण सोलत बसल्या होत्या. महामार्गावरून ट्रक जात होते. मी सगळं सांगितलं. नोंद आहे, भोकं धरणार आहेत, वारस म्हणून तुम्ही उद्या दारात उभं राहायला हवं. त्या ऐकत होत्या, हातातला लसूण सोलत होत्या.

"आता म्हनत्यात भोकं धरतो," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्ये गेल्यावर."

मी थर्मास ओट्यावर टेकवला.

"मी ईन," काकू म्हणाल्या. "त्यांचं घर हाय, माझ्या डोळ्यादेखत यादीतून न्हाई जाऊ द्यायची. पत्रे पडले तरी तिथंच ऱ्हाईन आता."

मग त्यांनी थर्मासकडे बघितलं. "त्याच्यात काय हाय?"

"गारा आणल्यात. आपल्या अंगणातल्या."

त्यांनी झाकण फिरवलं, आत डोकावल्या, आणि थर्मास हळूच वाकडा करून बघितला. मीही वाकून बघितलं. मार्चचं ऊन, अंबडचा रस्ता आणि माझा जुना थर्मास. आत पाणी होतं.

काकूंनी झाकण लावून थर्मास माझ्याकडे दिला आणि लसणाची परडी बाजूला सारून उठल्या.

"एक सांगून ठिवते, भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या साहेब आला की त्याला पानी मी दीन. तुमी चुलीपाशी पाय टाकायचा न्हाई."